टीव्हीकडं पाठ करून मॅच बघणारी मावशी

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नखांत अजून लसणाचा वास आहे, भांडी तशीच पडलीत, पण आधी हे ऐका.

"किती तोंडं?"

मॅचच्या दिवशी सकाळी जुन्नरातल्या आमच्या गल्लीत पहिला आवाज हा. शेजारची मावशी हातात उलथनं घेऊन दारात उभी. टॉस कोण जिंकणार, पिच कसंय, याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही.

"आठ-दहा असू, मावशी."

"आठ का धा? रश्श्याला फरक पडतो, बये!"

गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही तिच्याकडं. लेकानं पुण्याहून आणून दिलेला. मावशी एकटीच राहायची, आणि एकटीनं तो कधी लावलाच नाही. मॅच असली की मात्र आम्ही सगळे तिच्या बाहेरच्या खोलीत. टॉसला भाजके शेंगदाणे. पहिल्या ओव्हरींना भेळ. मग तळेघरहून, तिच्या माहेरून आलेले नाचणीचे पापड. खेळाडू पाणी प्यायला थांबले की आम्हाला ताक, जिरं घालून. "ते दमलं, मग तुमी बी दमला आसाल," म्हणायची. आम्ही सोफ्यावर लोळून दमलेलो!

आणि मधल्या सुट्टीत मासवडी. आमच्या भागात ही कुणाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते, मासा-बिसा काही नसतो त्यात. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण, मग फडकं उचलत उचलत गुंडाळी करायची आणि दाबून माशासारखा आकार द्यायचा. नंतर सुरीनं वड्या. काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी. बास, मी आता पुढं वर्णन करत नाही, मलाच परत भूक लागली.

तर मावशी बसायची कुठं? स्टुलावर. आणि टीव्हीकडं चक्क पाठ करून! तोंड आमच्याकडं. मॅच तिला आमच्या चेहऱ्यांवर दिसायची. आमचे डोळे मोठे झाले की विचारायची, "शिक्स?" आम्ही डोक्याला हात लावला की, "गेला व्हय? चांगला खेळत व्हता बिचारा." एकदा आमच्या विक्याचं तोंड फारच पडलं, तर तिनं उठून त्याच्या ताटलीत जास्तीची भजी टाकली. तेव्हापासून विक्या बॉलबॉलला रडवेला. बॅटिंग आपली असो का त्यांची.

मग एका वर्षी सेमीफायनल झाली. आता आमच्यात नियम आहे, जोडी जमली की कोणी जागेवरून हलायचं नाही. मी एक पाय सोफ्याच्या हातावर टाकून अडकलेली, विक्या अर्धा उठलेला, तसाच. आणि आतून हाक, "आरं कुणीतरी फडकं धरा, पीठ थंड व्हतंय!"

"मावशे, हललो तर विकेट जाईल!"

"आन न्हाई हलला तर माजी वडी जाईल!"

कोणी हललं नाही. पीठ थंड झालं, गुंडाळी करताना तडकलं, सगळी मासवडी फुटली. मावशीनं तुकडेच रश्श्यात सोडले. आणि आपण जिंकलो!

झालं. पुढच्या मॅचला विक्या दारात हजर. "मावशे, आज पण फुटकीच पाहिजे."

मावशी त्याच्याकडं बघतच राहिली. "आयुष्यभर सरळ वड्या पाडल्या मी. सासूच्या हाताखाली शिकले. आन तुमाला फुटकी पायजे?"

पण केली. पीठ मुद्दाम थंड करून, तोंड वाकडं करून केली. "सासूनं पाह्यलं असतं तर माहेरी धाडलं असतं मला." परत जिंकलो. मग काय, प्रत्येक मॅचला फुटकी मासवडी. ती रागवायची, आम्ही ताट चाटूनपुसून खायचो.

या उन्हाळ्यात तिचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा लेक तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "मॅच असली की उघडत जा. बंद घराला वास येतो."

आणि आज फायनल. दुपारची. ग्रुपवर कोणीतरी टाकलं, माझ्याकडं बसू, पिझ्झा मागवू. सगळ्यांचे होकाराचे अंगठे पडायला लागले, आणि मला काय झालं माहीत नाही, मी टाईप केलं, "मावशीच्या घरी बसायचं. मासवडी मी करते."

विक्यानं हसून रडणारे चेहरे पाठवले. "तू मॅगी करपवतेस."

मी सकाळीच मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिला म्हटलं, आज सगळे तुझ्याकडं जमतोय. तिनं फोन तोंडाजवळ ओढला.

"माज्या घरी? मी न्हाई तरी?"

"हो की."

"मला वाटलं, आता कुलूपच ऱ्हातंय त्याला." तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम आवाज चढवला. "किती तोंडं?"

मॅच सुरू झाली. मधल्या सुट्टीत फोन चहाच्या डब्याला टेकवला आणि मावशी तिकडून ओरडायला लागली. "गरम हाय तवरच थाप! भाजू दे हात!" हात भाजले, राव, खरंच भाजले. विक्यानं फडकं धरलं, मी सारण पसरलं, दोघांनी मिळून गुंडाळलं. फडकं बाजूला केलं तर आत अख्खी मासवडी. सरळ, गुळगुळीत, एक चीर नाही.

आम्ही नाचायला पाहिजे होतं. पण दारात जमलेल्या सगळ्यांची तोंडं विकेट गेल्यासारखी.

"गेली मॅच," विक्या म्हणाला. त्यानं सुरी उचलली. "मावशे, जरा टोकाला फोडू का? फायनल आहे गं."

"हात तर लावून बघ!" फोन हादरला. "हरली तर हरली! पोरीची पयली वडी हाय ती!"

विक्यानं गुपचूप सुरी खाली ठेवली. वड्या मीच पाडल्या, आणि जेवायचं मॅच संपल्यावर ठरलं. चिंतेनं कोणाच्या घशाखाली उतरणारच नव्हतं.

बॅटिंग आपली होती. मी मावशीला विचारलं, टीव्ही नीट दिसतोय का? तर म्हणाली, "टीव्ही हितं बी हाय की भिंतीएवढा. तू फोन फिरव. पोरं दाव मला."

मग आम्ही तिचं स्टूल मधोमध ठेवलं, त्यावर फोन, टीव्हीकडं पाठ. शेवटच्या ओव्हरला सगळ्यांचे डोळे टीव्हीला चिकटलेले, आणि फोनमधून हळू आवाज, "विक्या, आरं पापण्या तरी लवव."

शेवटच्या बॉलला असा गोंधळ झाला की कोणाचा तरी पाय स्टुलाला लागला. फोन पालथा पडला. मी फरशीवर हात फिरवत तो शोधतेय, आणि खालून मावशी बोंबलतेय, "जितलो व्हय? मला काय बी दिसंना! जितलो असाल तर वाढा आता, रस्सा निवला आसंल!"

अख्ख्या मासवडीनं जिंकलो, बघा!

सगळे जेवून गेले. मी भांडी घासायला म्हणून थांबले आणि हे लिहीत बसले. स्टूल अजून मधोमधच आहे, कोणी उचललं नाही. खरं सांगू? शेवटचा बॉल कोणी मारला ते मला आठवतच नाहीये. मला आठवतोय तो फोनमधला एवढासा चेहरा, आमच्याकडं टक लावून बघणारा.

तुमच्याकडं झालंय का हो असं कधी? तुम्ही मॅच बघताय, आणि कोणीतरी नुसतं तुम्हाला बघतंय?