पेठ वडगावच्या अंगणात प्रोटॉन

पुण्याहून निघून मावसबहिणीकडे रात्रीचा मुक्काम करून सकाळी पेठ वडगावची एसटी पकडली. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, पेढे आणि एक कागद. कागदावर सुजाताच्या वडिलांना पटवायचे मुद्दे, महत्त्वाच्या क्रमाने.

सुजाता माझी पुण्यातली संशोधक विद्यार्थिनी. प्रोटॉनचं ध्रुवीकरण (फिरकीचा कल) मोजणाऱ्या परदेशातल्या एका प्रयोगात तिला बोलावणं आलं होतं. आठवडाभरात होकार कळवायचा होता आणि आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, फोनवर सरळ ‘न्हाय’ म्हटलं होतं. म्हणून मी निघाले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, “पावणं (पाहुणे), कुणाकडं?” मी नाव सांगितलं.

“म्हशीवाल्यांच्यात व्हय? बोलणं तिखाट हाय. ताक चांगलं हाय.”

दोन्ही खरं निघालं. सुजाताच्या घरी ताटात भाकरी, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वासाचा भात आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). मी पहिल्याच घासाला खर्डा भरपूर घेतला आणि उचक्या सुरू झाल्या. सुजाताच्या आईने ताकाचा तांब्या पुढे सरकवला.

“खर्डा सोसना, आन् आमाला पटवाय आलाय व्हय?” आण्णा म्हणाले.

जेवणानंतर मी कागद काढला. शिष्यवृत्तीचा पहिला मुद्दा अर्ध्यातच तुटला.

“पैशाचं न्हाय हो, मॅडम. डाक्टर म्हटलं तर कळतंय, इंजिनेर म्हटलं तर कळतंय. पावण्यारावळ्यांनी इचारलं, पोरगी तिकडं नेमकं काय करती, तर काय सांगू? मलाच ठावं न्हाय त्या कामाला लेक एवढ्या लांब धाडू?”

रास्त होतं. मी कागदाची घडी घातली. “इलेक्ट्रॉनचा झोत प्रोटॉनवर सोडतात. धक्का खाऊन प्रोटॉन उडतो, तेव्हा त्याची फिरकी कुठल्या बाजूला कललीय ते मोजायचं. त्यावरून त्याच्या पोटात वीज आणि चुंबकत्व कसं पसरलंय ते कळतं.”

“फिरकी दिसती?”

“नाही.”

“मग मोजती काय, कपाळ?”

त्यांच्या मागे फळीवर क्रिकेटचा एक कप होता. कुणाचा, मी विचारलं.

“ह्यांचाच की,” आई म्हणाल्या. “ऑफ स्पिन टाकायचे. गुडघा गेला, कप ऱ्हायला.”

अंगणात दोरीवर चादर वाळत होती. आण्णांना रबरी चेंडू देऊन मी चादरीमागे उभं केलं. हात दिसू द्यायचा नाही. चेंडू चादरीखालून यायचा आणि टप्प्यानंतर कुठे वळतो ते पाहून फिरकी ओळखायची.

“आत वळीवला!” आई पहिल्याच चेंडूला ओरडल्या. दुसराही तसाच. तिसरा मात्र भलतीकडे उसळून म्हशीच्या हौदात पडला आणि माझी साडी भिजली.

“आता उलटा टाकला!”

“उलटा कुठला? दगूड लागला!” चादरीमागून आवाज आला. “एका बॉलवर काय सांगतीस? ओव्हर तरी टाकू दे की!”

“आण्णा, सुजाताचं काम हेच,” मी म्हणाले. “उडालेले प्रोटॉन कार्बनच्या लादीत घुसतात आणि वळतात. डावीकडे किती वळले, उजवीकडे किती, ते मोजायचं. एकावरून काही कळत नाही, लाखो मोजावे लागतात.”

आण्णा चादर बाजूला सारून बाहेर आले. आईंनी विचारलं, “आन् हे मोजाय रात्रीची एकटीच बसती?”

“एका पाळीला दोघं असतात. एकट्याला बसू देत नाहीत.”

त्या मान हलवून ताकाचा तांब्या घेऊन आत गेल्या. आण्णा हौदातला चेंडू काढून म्हशी धुवायला लागले. ‘हो’ही नाही, ‘न्हाय’ही नाही.

संध्याकाळी त्यांनीच मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. तिथे त्यांच्या ओळखीच्या एकाने हाक मारली, “आण्णा, पावणं कुठलं?”

“पोरीच्या मॅडम हायत, पुण्याच्या.”

“पोरगी करती काय म्हणं सध्या?”

आण्णांनी घसा साफ केला. “प्रोटॉन कुठल्या अंगाला फिरतोय ते बघती. हात दिसत न्हाय त्याचा, टप्प्यानंतर कळतं.”

“कळून काय उपेग?”

“पोटात काय हाय ते कळतं की, लेका!”

“मग कुठं, पुण्यातच?”

“परदेशात,” आण्णा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले. “पासपोर्ट आला की निघती.”

एसटीत बसल्याबसल्या सुजाताला फोन केला. पासपोर्टचा अर्ज आजच भर, म्हटलं. साडी पुण्याला पोचेपर्यंत वाळली. दुसऱ्या दिवशी वर्गावर जाताना मी पिशवीत एक चेंडू आणि जुनी चादर घेतली. इतकी वर्षं हा धडा फळ्यावर शिकवत होते.