आप्पांच्या गाडीला ब्रेक लागतात!

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारकी होती. बाजारातून येताना आप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबता थांबता डावीकडे सरकली. जेमतेम वीतभर. पण त्या वीतभर जागेत एका कोळणीची पाटी होती! मी किंचाळले, कोळीण किंचाळली. बोंबील तेवढे गप्प राहिले.

"आप्पा, गाडी डावीकडे ओढतेय!"

"ओढणारच. डावीकडे आपलं घर आहे. तिलाही ओढ असते!"

आमचे आप्पा पनवेलातले डॉक्टर. नेऱ्यापासून आपट्यापर्यंत कुणाला ताप आला की आमची जुनी विलायती गाडी निघते. असे किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरात एक म्हातारी गाडी, एक हट्टी वडील आणि एक घाबरट मुलगी असली की ते दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे आपोआप साठतात. होऊन गेल्यावर मीही हसते. या खेपेला मात्र मी आधीच धास्तावले होते. शनिवारी आप्पा आणि आई याच गाडीतून घाट चढून पुण्याला जायचे होते. ताईचं पहिलं बाळंतपण!

*

हमरस्त्यावर उस्मानचाचांचं गॅरेज आहे. त्यांनी पुढचं चाक काढलं, आतला ब्रेकचा ड्रम उलटा करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बेबी, बोट फिरव."

मी भीत भीत फिरवलं. आत गोल गोल चरे पडले होते.

"कसं लागतंय?"

"ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखं."

"बरोबर! आणि त्यावर तुझे आप्पा रोज तेच गाणं वाजवतात!"

ड्रमला आतून घासणारं लायनिंग झिजून झिजून ते बसवणारे रिव्हेट उघडे पडले होते आणि त्यांनीच ड्रम कोरून काढला होता. लेथवर आणखी एकदा घासला तर पापडाएवढा पातळ राहील, बदलायलाच हवा, असं चाचा म्हणाले.

आप्पांनी चष्मा पुसला. "उस्मानभाई, ऑपरेशन टाळता नाही का येणार? काही दिवस नुसतं तेलपाणी करून बघू."

"डॉक्टरसाब, असं पेशंट बोलला तर तुम्ही त्याला काय सांगता?"

आप्पांनी गाडीची किल्ली चाचांच्या हातात ठेवली.

*

आता लायनिंग कुठलं घ्यायचं? नरम की कडक? नरम असेल तर पकडतं छान, पण लवकर झिजतं. कडक टिकतं, पण पाय जोरात दाबावा लागतो. मी कॉलेजच्या सवयीनं कागदावर दोन रकाने आखले. गुण, दोष. कागद भरला, निर्णय होईना! त्या दिवसांत मी जेवतानासुद्धा विचार करत होते, नरम की कडक. आईला वाटलं, मी भाकरीबद्दल बोलतेय.

आमच्या दवाखान्यातला धर्मादादा मिठागराकडच्या गावातला. पुड्या बांधता बांधता तो सगळं ऐकत होता.

"ताय, नरम घ्या. कडक वस्तू सोता झिजत नाय, दुसऱ्याला झिजवते. आमची सासू बगा!"

"आणि तुझी बायको?" आप्पांनी विचारलं.

"ती ड्रम हाय, डॉक्टर. तिची काय चूक?"

ठरलं. नरम.

*

ड्रम मात्र आप्पा स्वतः आणणार होते. "मुंबईला जातोच आहे, जुन्या बाजारात बघतो. माप घेऊन ठेवलंय." संध्याकाळी ते दोन ड्रम घेऊन विजयी मुद्रेनं परतले. उस्मानचाचांनी लावून पाहिले. एकही बसेना. बोटभर मोठे!

"माप कशानं घेतलं होतं, डॉक्टरसाब?"

आप्पांनी खिशातून गुंडाळी काढली. दवाखान्यातलं ताणायचं बँडेज! पनवेलात घेतलं तेव्हा आप्पांनी ते ड्रमभोवती ताणलं होतं थोडं, आणि दुकानात ताणलं जास्त.

चाचांनी ते दोन्ही हातांनी लांब केलं, सोडलं, पुन्हा लांब केलं. "या मापानं तर एसटीचा ड्रमपण बसेल!"

त्यानंतर गाडीचा नंबर आणि मॉडेल स्वच्छ अक्षरात लिहून दुकानात पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते चार वेळा तपासलं. पाचव्यांदा टपालपेटीत हात घालून तपासायला निघाले होते, धर्मादादानं आवरलं.

*

नवे ड्रम आले, नीट बसले; लायनिंग गुरुवारी बसवून ठेवतो, असं चाचा म्हणाले. आता माझी भीती कमी व्हायला हवी होती. पण मी गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप जोरात दाबला जातो. समोर बैल दिसला की दाब, सायकल दिसली की दाब. आप्पा वैतागतात. "तुझ्या बाजूलाही एक पेडल बसवून घेऊ का?"

उस्मानचाचा गाडी तपासताना माझ्या बाजूचं दार उघडून खाली वाकले. रबरी चटईला माझ्या टाचेखाली भोक पडलं होतं. त्यांनी त्यात बोट घातलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, खरं लायनिंग इथं झिजलंय!"

*

आणि मग शुक्रवार उजाडला.

पहाटेच पुण्याहून भावोजींचा ट्रंक कॉल आला. ताईच्या कळा सुरू झाल्या होत्या. शनिवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. आप्पा जादा किल्ली घेऊन गॅरेजच्या आवारात गेले आणि गाडी दारात घेऊन आले. स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधलेली होती. आप्पांना गंडेदोऱ्यांचा भयंकर तिटकारा. पेशंटच्या गळ्यातले ताईत पाहूनसुद्धा त्यांचं डोकं उठतं. त्यांनी चिंधी सोडली आणि माझ्या हातात कोंबली. "बघ! उस्मानभाईपण आता नजरबिजर मानायला लागला!"

आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली. पावणेसातला गाडी निघाली.

साडेसातला उस्मानचाचा मुंबईच्या एसटीतून उतरून थेट दवाखान्यात आले. हातात कागदाची पुडी. "रिव्हेट संपले होते, काल संध्याकाळी गेलो आणायला. आता तासाभरात गाडी तयार. गाडी कुठाय?"

"आप्पा घेऊन गेले. पुण्याला."

चाचा खाली बसले. "पण मी लाल चिंधी बांधली होती! लाल चिंधी म्हणजे काम अर्धं आहे, हात लावू नका. साऱ्या गॅरेजांत हीच खूण!"

चिंधी माझ्याच मुठीत होती.

"किती अर्धं?" मी ती त्यांच्यापुढे धरली.

"पुढच्या एका चाकाचं लायनिंग नुसत्या दोन रिव्हेटांवर आहे. आवारात गाडी ढकलता यावी म्हणून चाक चढवलं. सपाटीला हळू धरतील तोवर ठीक. घाटात वळणावर ट्रक समोर आला, ब्रेक जोरात दाबला, तर लायनिंग सुटून चाक जाम!"

धर्मादादानं फोन माझ्यापुढे सरकवला. घाटाखाली खोपोलीला एक पेट्रोल पंप आहे. चढण्याआधी सगळ्याच गाड्या तिथं रेडिएटरमध्ये पंपामागच्या विहिरीचं पाणी भरतात. आप्पा थांबले तर तिथंच थांबणार. मी एक्स्चेंजला नंबर सांगितला. दोन आकडे उलटे सांगितले. पुन्हा सांगितला.

"ताई, पंपवाले उचलत नाहीत," ऑपरेटर म्हणाला.

"परत लावा."

"आत्ताच लावला होता."

"परत लावा हो!"

घड्याळात आठला दहा कमी. घंटी वाजत होती. चाचांच्या मुठीत पुडी फाटली आणि रिव्हेट फरशीवर घरंगळले. कुणी वेचायला वाकलं नाही. माझा उजवा पाय टेबलाखाली जमिनीत रुतला होता. सतरा घंट्या झाल्या. अठरा.

खट्ट!

"हां, पंप! जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही! इथं एक डॉक्टर, विहिरीवर झाकण का नाही म्हणून माझ्या माणसांना झापतायत!"