सगळ्यात मोठ्यांचा ढीग

सौंसरच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी जयवंता दर रविवारी बसने नागपूरला जर्मन शिकायला जाई. वर्षअखेरीच्या परीक्षेत पहिला येईल त्याला वर्ग चालवणारे मंडळ जर्मनीला धाडणार होते. जयवंताला जायचे होते. दुसरे काही तिने आयुष्यात इतके मागितले नव्हते.

पण 'सगळ्यात' म्हणायची वेळ आली की ती अडखळे. ग्रोस म्हणजे मोठा, ग्र्योसर म्हणजे त्याहून मोठा, आम ग्र्योस्टन म्हणजे सगळ्यात मोठा. सर म्हणाले, "फळांवर वाक्ये करा." हिने सगळ्याच संत्र्यांना सगळ्यात गोड म्हटले. वर्ग हसला. आता आपल्या ढिगातले एखादे फळ कमी गोड आहे, असे सौंसरचा कोणता माणूस तोंडाने म्हणेल?

घरी तिचा बाप भिवाजी उन्हाळ्याच्या तोंडी उतरलेली मृग बहाराची संत्री निवडत बसला होता. तिची अडचण ऐकून तो हसला.

"अवं, हेच तर मी करून राहिलो! हा मोठ्याईचा ढीग, हा त्याहून मोठ्याईचा, अन् हा सगळ्यात मोठ्याईचा. बस इथं, लाव हात."

ती बसली. फळ तळहातावर तोलायचे, जर्मनमध्ये बोलायचे, ढिगात ठेवायचे. अंगणात ढीग वाढत गेले आणि जीभ रुळत गेली. पावसाळ्यापर्यंत वर्गात तिच्या पुढे कोणी उरले नाही.

मग छप्पनचा नोव्हेंबर आला. आजवर सौंसरच्याच राज्यात असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशात राहिले.

सगळ्यात मोठ्यांच्या ढिगातली फळे भिवाजी कधी विकत नसे; ती गुरूच्या घरी जात. नुकत्याच उतरलेल्या अंबिया बहाराची तशी टोपली सरांसाठी घेऊन जयवंता वर्गाच्या दारात पोचली. मंडळाच्या चिटणिसांनी न विचारता एक फळ उचलले.

"वा! नागपुरी संत्रं म्हणजे नागपुरी संत्रं!" सोलता सोलता ते म्हणाले, "बाई, परीक्षेला बसू नका. ती आता आपल्या राज्यातल्यांसाठीच. तुम्ही पडल्या परप्रांतीय."

"वर्गात पहिली कोण आहे?"

"तुम्हीच. पण त्याचा काय उपयोग?"

"हे संत्रं माझ्या बापाच्या बागेतलं आहे. सौंसरचं."

"असेल." त्यांनी फोड तोंडात टाकली.

जयवंताच्या कानशिलांत रक्त चढले. झाड सौंसरचे, पाणी सौंसरचे, फळ मात्र नागपूरचे. आणि त्याच बागेतली लेक परकी! तिने त्यांच्या हातातले उरलेले अर्धे संत्रे काढून टोपलीत टाकले, टोपली कमरेवर घेतली आणि बस धरली.

भिवाजी फाटकाशीच उभा होता. परत आलेली टोपली पाहून तो समजला. सगळे ऐकल्यावर त्याचा आवाज चढला.

"संत्र्याले आपलं म्हन्तेत, अन् माह्या पोरीले परकी? त्या चिटणिसाले कोनत्या ढिगात टाकू, सांग!"

"त्याला ढीग नाही, बाबा." ती संत्र्यांपुढे बसली. "उद्यापासून शाळेतल्या पोरी इथं येतील. फळं विकू नका तोवर. मी त्यांना जर्मन शिकवणार आहे."