एकदाच, न ओरडता

माझे दाजी उबाल्दो आता बोलत नाहीत. म्हणजे रुसलेत असं नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या घशातला आवाजाचा भागच कापून काढला. तेव्हापासून गळ्यात पाटी अडकवून फिरतात, काय हवं-नको ते खडूनं लिहितात. बारांकिया शहरातल्या आमच्या भागात ही बातमी ऐकून ज्याला वाईट वाटलं नाही असा माणूस सापडणार नाही, आणि ज्याला आतून थोडं बरं वाटलं नाही असाही सापडणार नाही. मी तर त्यांची सख्खी मेहुणी. मला दोन्ही वाटलं, आणि हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

चाळीस वर्षं हा माणूस माइकवर ओरडत होता हो. दाजींचा पिको आहे. कपाटाएवढा थोरला स्पीकर, पुढच्या कापडावर झगझगीत रंगात खेकडा काढलेला, खेकड्याच्या नांगीत माडाचं खोड. नाव 'नारळपाड्या'. वाजायला लागला की झाडावरचे नारळ पडतात, असं दाजींचं म्हणणं. नारळ पडलेले मी कधी पाहिले नाहीत, पण आमच्या भिंतीचा गिलावा दोनदा पडला. शनिवार-रविवारी गल्ली दोरीनं बंद करायची, पिको रस्त्यात मांडायचा, बिअर विकायची, माणसं नाचवायची, हा आमच्याकडचा धंदा. मी कोपऱ्यावर कढई घेऊन बसते आणि मक्याच्या पिठाचे, अंडं घातलेले अरेपे तळते, म्हणजे माझं पोटही त्या आवाजावरच चाललंय. तरी खरं ते बोलणार.

या धंद्यात मान कुणाला, तर ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही अशी गाण्याची तबकडी आहे त्याला. तबकड्या यायच्या आफ्रिकेच्या बोटींवरून. हातात पडली की पिकोवाला पहिलं काम काय करणार, तर दाढीच्या पात्यानं तिच्यावरचा कागद खरवडून टाकणार. गाण्याचं नाव गेलं, गाणाऱ्याचं गेलं. मग दुसऱ्यानं शोधायची म्हटली तर शोधणार काय, डोंबल? गाण्याला आपणच काहीतरी नाव ठेवायचं आणि लोकांनी त्याच नावानं मागायचं.

चौऱ्याऐंशी साली दाजींनी धक्क्यावर एका बोटीच्या आचाऱ्याकडून अशीच एक तबकडी घेतली आणि घरी यायच्या आत, तिथंच दोराच्या वेटोळ्यावर बसून, खरवडली.

"निदान नाव तरी वाचलंत का?" मी एकदा विचारलं होतं.

"वाचलं असतं तर झोपेत बडबडलो असतो," दाजी म्हणाले. तेव्हा त्यांना बोलता यायचं.

नाव ठेवलं 'नेरेइदा'. नेरेइदा म्हणजे माझी थोरली बहीण. ती तेव्हा वीस वर्षांची, दाजींच्या समोरच्या घरात राहणारी, आणि आमचे वडील दाराला खुर्ची लावून बसणारे. पोरीला कोंडता येतं, गाण्याला कसं कोंडणार? महिन्याभरात सहा वस्त्यांतले टगे रस्त्यात उभे राहून ओरडायला लागले, "नेरेइदा लाव! परत एकदा नेरेइदा!" वडिलांनी आठ दिवस ऐकलं आणि नवव्या दिवशी लग्न लावून दिलं. अब्रू वाचवायला दुसरा मार्गच उरला नव्हता बिचाऱ्यांना.

आता या गाण्याची गंमत अशी की त्यात तीन जागा आहेत. ढोल थांबतो, एकटी गिटार राहते, थोडा वेळ तशीच वाजते आणि मग सगळे परत तुटून पडतात. लोक कॅसेट लावून गाणी चोरायचे, आणि नेमक्या या मोकळ्या जागा चोराला आयत्या मिळणार. म्हणून दाजी तिथं माइक तोंडाला लावून ओरडायचे. कोण नाचतोय, कोण पडलाय, कुणाची बायको कुणाला शोधतेय, जे दिसेल ते. असं गाणं चोरून चोर करणार काय? घरातसुद्धा खिडक्या लावून वाजवलं तरी ओरडायचे. न जाणो, खिडकीखाली कुणी बसला असला तर!

आणि खरं सांगू? आमची सगळी वर्षं त्या ओरडण्यालाच बांधलेली आहेत. कॅलेंडर आमच्या गल्लीत कुणी बघत नाही. शहाऐंशीच्या कार्निव्हलला दाजी दुसऱ्या जागी ओरडले, "लाया, अरेपा जळतोय!" मी दचकले आणि उकळतं तेल मनगटावर घेतलं. अजून ते गाणं लागलं की मनगट खाजतं. एका ऑक्टोबरात पाऊस असा झाला की गल्लीतून ओढा वाहायला लागला, आणि दाजी ओट्यावरून ओरडले, "हा फ्रिज चाललाय तो कुणाचा, घेऊन जा!" सगळे हसले, मीही हसले. फ्रिज आमचाच होता. डिसेंबरचं वारं सुटलं की आजही कुणीतरी म्हणतं, "त्या साली उबाल्दो ओरडला होता ना, विग सांभाळा म्हणून?" माझा नवरा वारला त्या वर्षी दाजी माझ्याकडे बघून तिसऱ्या जागी काहीच ओरडले नाहीत, नुसते खोकले. तेवढं एक वर्ष मी त्यांना माफ केलंय.

पण ताईचं दुखणं वेगळंच होतं. गाणं तिच्या नावाचं, आणि आख्ख्या जन्मात तिनं ते सलग ऐकलेलं नाही. "माझ्या गाण्यात मी कुठे आहे?" ती म्हणायची. "त्यात बिअर आहे, फ्रिज आहे, लायाचा अरेपा आहे. त्या गिटारवाल्याला काय सांगायचंय ते मला एकदा तरी ऐकू दे." दाजी म्हणायचे ऐकवतो, आणि पहिली जागा आली की ओरडायचे. सवय ती सवय, चाळीस वर्षं जुनी.

ऑपरेशनच्या सकाळी ताईनं दाजींचा हात धरला. "बरा होऊन ये. आणि एकदा, फक्त एकदा, माझं गाणं मला न ओरडता ऐकव. घे शपथ."

"शपथ," दाजी म्हणाले. त्या घशातून निघालेला तो शेवटचा शब्द.

मी बोलून गेले, "अगं ताई, शपथ कशाला वाया घालवतेस? ते काम डॉक्टरच करणार आहेत." ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

जूनमध्ये दाजी घरी आले, वीस किलोनं उतरलेले. पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं, 'शिडी'. दवाखान्यात जाण्याआधी, आपल्यामागे कुणी चोरू नये म्हणून, त्यांनी ती तबकडी मेणकापडात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत घालून, पेटीला कुलूप ठोकून थेट छपराखाली सरकवून ठेवली होती. छप्पर पत्र्याचं. मार्च, एप्रिल, मे. पेटी उघडली तर आत तबकडी नव्हतीच, उन्हानं वाकून तिची झालेली बशी होती. सूपसुद्धा वाढता आलं असतं त्यात. चणे होते तेव्हा यांना ओरडण्यातून फुरसत नव्हती, आणि आता ओरडणं गेलं तर चणेही गेले.

दाजी शिडीवर बसूनच रडले. त्यांना आवाज नाही, त्यामुळे खाली कुणाला कळलं नाही. मी शिडी धरून उभी होते, माझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा कळलं. ताईनं बशी बघितली आणि "जाऊ दे" म्हणाली. ताई "जाऊ दे" म्हणते तेव्हा काहीही जाऊ द्यायचं नसतं, एवढं दाजींनाही कळतं.

मग शोध सुरू झाला. दाजी बाजारातल्या जुन्या तबकडीवाल्यांकडे गेले. ते विचारत, नाव काय? दाजी पाटीवर लिहीत, 'नेरेइदा'. ते म्हणत, "ते तू ठेवलेलं. खरं नाव?" आता खरं नाव चाळीस वर्षांपूर्वी धक्क्यावर भुसा होऊन समुद्रात गेलेलं. माझ्या भाचीनं मला फोनसमोर उभं करून ते गाणं गायला लावलं, म्हणजे फोन ओळखेल. फोननं मला साबणाची जाहिरात ऐकवली.

शेवटी एकच दार उरलं. तेयोचं. तेयो म्हणजे 'काळा बोका' या पिकोचा मालक, सहा गल्ल्या पलीकडे. तबकडी चोरायला टपलेला माणूस म्हणून दाजींनी माइकवर सगळ्यांत जास्त वेळा ज्याला चोर म्हटलं तो हाच. दाजी एकटे जाईनात, म्हणून मी गेले सोबत.

तेयोनं पाटी वाचली, आत गेला आणि स्वच्छ पाकिटातली एक तबकडी घेऊन आला. मधला कागद जसाच्या तसा, खरचटलेलासुद्धा नाही.

"एक्क्याण्णवपासून आहे," तेयो म्हणाला. "माझ्या बहिणीनं पॅरिसहून पाठवली. विकत, पावतीसकट. चोरली नाही."

दाजींच्या हातातला खडू पडला. मीच विचारलं, "मग तीस वर्षं वाजवली का नाहीस, बाबा?"

"वाजवली ना, एकदा. लोक शांतपणे नाचले. मग एक जण आला आणि म्हणाला, हे बरं होतं तेयो, पण आता नेरेइदा लाव की!" तेयोनं दाजींकडे बघितलं. "या गाढवाच्या ओरडण्याशिवाय कुणी ओळखलंच नाही. काय करणार, ठेवून दिली."

तबकडी द्यायला त्याची एकच अट. तेयोनं दाजींची पाटी घेतली, स्वतःच्या हातानं तिच्यावर लिहिलं, 'तेयो चोर नाही', आणि ती गळ्यात घालून दाजींनी सहा गल्ल्या चालत घरी जायचं. दाजी गेले. मी मागून तबकडी घेऊन. लोक दारात येऊन वाचत होते. बायकोसाठी माणूस ताजमहाल बांधतो म्हणतात. आमच्या दाजींच्या नशिबी ही पाटी होती, आणि मला वाटतं ती जड होती.

रविवारी दुपारी चारला गल्ली बंद केली. नारळपाड्या बाहेर काढला. सगळे आले, तेयोसुद्धा. ताई निळा झगा घालून मधोमध खुर्चीत बसली, मी तिच्या बाजूला. दाजींनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून पिकोवरच टेकवून ठेवलं, 'जो आवाज करेल त्याला हाकलून देईन.' कुणी बिअरचं झाकणही उघडेना. लग्नात नव्हती एवढी शिस्त मी त्या दिवशी पाहिली.

गाणं सुरू झालं. काय सांगू, आवाज कसा लखलखीत होता! पाय सगळ्यांचे हलायला लागले. पहिली जागा आली, ढोल थांबला. गिटार एकटी. लोकांनी आपोआप माना वर केल्या आणि मग खाली घातल्या. एवढ्या माणसांत बोलायचं राहून गेल्यासारखं झालं. ढोल परत आला तेव्हा नाचायला कुणी पुरता उठलाच नाही.

दुसरी जागा. माझं मनगट खाजलं नाही. मी ते चोळूनही पाहिलं.

दाजी आमच्याकडे पाठ करून, ओठांवर बोट ठेवून, गर्दीवर नजर रोखून उभे होते. चाळीस वर्षं स्पीकरला खेटून उभं राहून त्यांचा डावा कान गेलाय आणि उजवाही निम्माच उरलाय. कुणी चूं केलं तर खाऊ की गिळू, असा चेहरा. बायकोला दिलेली शपथ पाळत होता माणूस, छाती काढून.

तिसरी जागा आली. गिटार वाजत राहिली. ताईनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हळूच म्हणाली, "ओरडा ना गं कुणीतरी."

मी ओरडायला तोंड उघडलं. पण काय ओरडू? ती जागा माझी नव्हती. शेजारच्यांनीही ऐकलं होतं, तेयोनंही ऐकलं होतं. आम्ही सगळे दाजींच्या पाठीकडे बघत राहिलो, आणि दाजी ओठांवरचं बोट घट्ट दाबून आमच्यासाठी शांतता राखत राहिले. ढोल आला. गाणं संपेपर्यंत नीट, स्वच्छ वाजलं.

मग दाजी वळले. इतके खुश होते की चालता चालताच पाटी पुसून लिहीत आले आणि ताईसमोर धरली. 'ऐकलंस ना पूर्ण?'

ताईनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि त्यांचा खडूनं माखलेला हात हातात घेतला.

"ऐकलं," ती त्यांच्या निम्म्या कानाशी वाकून म्हणाली. "फार सुंदर आहे."

दाजी तेयोला मिठी मारायला गेले. ताई माझ्याकडे वळली.

"लाये," ती म्हणाली, "केवढं लांबलचक आहे गं ते गाणं."