बादशाहला दिसलेला हिरवा

आमच्या ड्रायव्हरला सगळे ‘बादशाह’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतले होते. विझलेला सिग्नलसुद्धा त्याला हिरवा दिसायचा. मी त्याचा असिस्टंट, त्यामुळे ही दिव्यदृष्टी मला रोज शेजारी बसून सोसावी लागे.

रेल्वेच्या इंजिनात एक रिवाज आहे. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने रंग मोठ्याने पुकारायचा आणि असिस्टंटने स्वतः पाहून परत पुकारायचा. दिवा बंद असला किंवा सिग्नलच जागेवर नसला, तर तो लाल समजून गाडी थांबवायची. बादशाहला थांबणे कमीपणाचे वाटे. “काल हिरवा व्हता, आज काहून लाल व्हईल?” असे तो म्हणे. एवढे अगाध तर्कशास्त्र मी दुसरीकडे कुठे ऐकले नाही.

तसा दिलदार होता. भाकरी वाटून खाई, चढावर इंजिन कसे सांभाळायचे तेही त्यानेच शिकवले. माझा त्याच्यावर जीव होता आणि त्याच्या गाडी हाकण्याची मला किळस येई.

एका दुपारी हिंगोलीच्या अलीकडे फाटकाचा सिग्नल बंद दिसला. बादशाहने “हिरवा” पुकारले. मी “लाल” म्हणालो. तो नुसता हसला, हात काही ब्रेककडे गेला नाही. मग मी माझ्या बाजूचा ब्रेक ओढला. फाटक उघडे होते. फाटक बंद झाल्याशिवाय त्याचा सिग्नल हिरवा होतच नाही, म्हणजे सिग्नल लालच होता, फक्त त्याचा दिवा गेला होता. रुळांवर हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर अडकलेला आणि पोत्यांवर मजूर बाया. एकीने लेकराला छातीशी आवळून डोळे मिटले होते. तिचा चेहरा स्पष्ट दिसेल इतक्या जवळ गाडी थांबली. बादशाह म्हणाला, “उगंच ओढलास. मी मारतच व्हतो ब्रेक.”

चौकशी झाली, मी पाहिले ते सांगितले. त्याला समज मिळाली आणि तो पुन्हा इंजिनावर आला.

निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार घालून त्याने हाच प्रसंग रंगवून सांगितला. आपल्या नजरेमुळे एका गरिबाचा ट्रॅक्टर आणि सालभराची हळद कशी वाचली, ते ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली. तो खाली उतरल्यावर मी विचारले, “साहेब, त्या बायांचं काहून न्हाई सांगितलं?”

तो खरोखरच आठवू लागला.

“कोन्त्या बाया?”