संपादकाचा चहा

माझा मूर्खपणा ऐकायचाय? मग बसा, पण आधी कप हातात घ्या. सगळा घोटाळा चहाचाच आहे.

लातूरला मी बातमीदार होतो, तेव्हा दिवसभर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पडीक असायचो. बातम्या तिथंच मिळायच्या, मित्रही तिथंच. मग मला संपादक करून नांदेडला पाठवलं. केबिन मिळाली, एसी मिळाला, आणि बोलायला माणूस मिळेना. बायको लातूरलाच, तिची शाळेची नोकरी. ऑफिसात मी दिसलो की गप्पा बंद, सगळे उभे! भिंतीशी किती बोलणार हो माणूस? फार एकटं वाटायचं.

म्हणून ठरवलं, रोज एकेकाला केबिनमध्ये चहाला बोलवायचं.

पहिला माधव, आमचा क्राइम रिपोर्टर. समोर कप ठेवला तर त्याला घामच फुटला.

"घरी कोण कोण असतं?" मी प्रेमानं विचारलं.

"आई हाय साहेब. लई आजारी हाय. मला सोडून ऱ्हात न्हाई."

मला गलबलून आलं. किती मोकळं बोलला! दुसऱ्या दिवशी जो आला त्याची कंबर धरलेली. त्याच्यानंतरच्यानं बसायच्या आधीच बायकोला दिवस गेल्याचं सांगितलं. वा, माणसं मन मोकळं करू लागली की! खुशीत मी बिस्किटंही मागवायला लागलो.

बिस्किटं बघून तर मुदखेडच्या वार्ताहरानं डॉक्टरचं सर्टिफिकेटच टेबलावर ठेवलं.

शेवटी कल्पनाताई आत आल्या. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या उपसंपादक. कपाला हात न लावता म्हणाल्या, "साहेब, इस्लापूरला कुणाला पाठवून राहिलात ते एकदाचं सांगून टाका. लोकांना जेवण जाईना झालंय."

"इस्लापूरला? जिल्ह्याच्या त्या टोकाला? मी कशाला पाठवू?"

"आधीचे साहेब बदली करायची असली की केबिनमध्ये चहा पाजायचे. आधी घरच्यांची चौकशी, मग ऑर्डर."

मी तडक बाहेर आलो. सगळे उभे राहिले.

"कुणाचीही बदली नाही," मी म्हणालो. "मला एकट्याला चहा जात नाही, म्हणून बोलवत होतो."

मग माधवनं हळूच विचारलं, "म्हंजी साहेब, आता चहाला यायची गरज न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या आनंदात अख्खं ऑफिस एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून खाली चहाला गेलं. मला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.