मास्तरांचा उजवा डोळा

रंगाच्या दुकानात माणसं रंग घ्यायला येतात, अशी लग्न होऊन या घरात आल्यावर वहिनींची भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात माणसं वाद घालायला यायची, आणि वाद संपत नाही असं दिसलं की नाइलाजाने एखादा डबा विकत घेऊन जायची.

याचं सगळं श्रेय वहिनींच्या नवऱ्याला होतं. दुकान दोघा भावांचं. थोरले दादा गल्ल्यावर बसत, वहिनी काउंटर सांभाळत आणि धाकटे, म्हणजे वहिनींचे यजमान, मागच्या बाकावर रंग मिसळत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते, पण समोर माणूस दिसला की शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कुणी तपकिरी रंग मागितला की ते विचारत, "पूर्वी चित्रकार तपकिरी रंग कशाचा करत, माहीत आहे? ममीचा! थडग्यातल्या ममीची भुकटी करून!" गिऱ्हाईक बिचारं दाराला लावायला अर्धा लिटर मागायला आलेलं. जांभळा मागितला की समुद्रातल्या गोगलगायी निघत. हिरवा मागितला की मग बसाच. हिरव्या कागदातल्या विषाने एक पदच्युत सम्राट मेला की पोटाच्या दुखण्याने, यावर मास्तरांचं आणि रंगाऱ्यांचं इतकं वाजे, की सम्राट आतल्या खोलीत झोपलाय आणि आता उठून निकाल देईल असं वाटावं.

हे सगळं कुठून येई? मोबाइलमधून. रंगाऱ्यांचा एक ग्रुप होता आणि त्यात कामाचं सोडून सगळं येई. जुन्या महाकाव्यात निळ्या रंगाला शब्दच नाही, म्हणजे त्या काळच्या लोकांना निळा दिसत नव्हता का? झेब्रा पांढरा की काळा? वहिनी काउंटरवरून ओरडत, "अहो, झेब्र्याला दुसरा हात मारायचाय का आपल्याला? ते गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे!" पण त्यांचं ऐकतो कोण.

बडबडीचं एक वेळ चाललं असतं. वहिनींना खरा वैताग होता तो त्या उजव्या डोळ्याचा.

मास्तरांना ज्यांनी रंग मिसळायला शिकवलं, त्या म्हाताऱ्या उस्तादांनी सांगून ठेवलं होतं, की रंग बघताना डावा डोळा मिटायचा. दोन डोळे म्हणजे दोन मतं, आणि रंगाला मत एकच लागतं. झालं. तेव्हापासून मास्तरांचा उजवा डोळा रंगाचा आणि डावा रस्ता ओलांडायचा. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, डावा डोळा मिटून भिंतीकडे टक लावून बघायचं आणि दुकानात येऊन निव्वळ आठवणीवर तोच रंग मिसळायचा. सोबत नमुन्याचा पोपडासुद्धा आणायचा नाही. पोपडा आणणं त्यांना अपमानाचं वाटे. आणि रंग जुळायचा! भल्याभल्यांना नवी भिंत कुठे संपते आणि जुनी कुठे सुरू होते ते कळत नसे. वहिनींनी स्वतः हात फिरवून पाहिलं होतं. नवऱ्याचा अभिमान म्हणजे काय हे त्यांना त्या भिंतींनी शिकवलं होतं, नवऱ्याने नव्हे.

पण गेल्या वर्षापासून डबे परत यायला लागले. आधी एखादा, मग बरेच. पांढरा निळसर वाटतोय, बदामी थंडगार दिसतोय, जुन्या भिंतीवर ठिगळ दिसतंय. मास्तरांचं म्हणणं ठरलेलं असे. बल्ब बदलले असतील. रंगाऱ्याने नीट ढवळला नसेल. लोकांना मोबाइल बघून बघून रंगच कळेनासे झालेत. वहिनी म्हणाल्या, "अहो, एकदा डोळे दाखवून या ना. ताईचं नाही का झालं मोतीबिंदूचं, एका डोळ्याला सगळं चहातून गाळल्यासारखं दिसत होतं तिला." यावर मास्तर म्हणाले, "तुझ्या ताईला पोपटी आणि हिरव्यातला फरक तरुणपणीही कळत नव्हता." आणि विषय संपला. वहिनींनी खनपटीला बसून पाहिलं, अबोला धरून पाहिला, डॉक्टरांची वेळसुद्धा ठरवली. त्या वेळेला मास्तर एका रंगाऱ्याला गोगलगाय समजावून सांगत बसले होते.

दादांनी मात्र तोंड उघडलं नव्हतं. ते फक्त रंग मिसळायच्या मशीनची माहितीपत्रकं गल्ल्याजवळ ठेवू लागले होते. परत आलेला प्रत्येक डबा ते त्या पत्रकांशेजारी मांडत. वहिनींना ते बघून धडकी भरे. हा बाक काढून घेतला तर या माणसाचं उरेल काय? नुसती बडबड? ती ऐकायला तरी कोण येईल?

अशात एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक पट्टा रंगवायचा होता आणि त्यासाठीचा डबा त्यांनी याआधी दोनदा परत केला होता. तिसरा डबा त्यांनी काउंटरवर आपटला.

"मास्तर, पेशंट तोंड उघडायच्या आधी भिंतीकडे बघतात आणि विचारतात, तिथे ओल आली आहे का?"

"ओलच असेल मग," मास्तर बाकावरून म्हणाले.

"ओल नाही, तुमचा रंग आहे. निळा मारतोय."

"बाई, दात हा तुमचा प्रांत. रंग माझा. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या."

दादांनी माहितीपत्रकं सरळ केली. तेवढ्यात तिथे उभ्या असलेल्या रंगाऱ्याला वाटलं, आपण वातावरण हलकं करावं. त्याने मोबाइल पुढे केला. "मास्तर, हे बघा, पुन्हा आलाय ग्रुपवर. काही वर्षांपूर्वी अख्खं जग भांडलं होतं ना यावर, तो झग्याचा फोटो. निळा-काळा की पांढरा-सोनेरी?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. आगीत तेल ओतायला याला हीच वेळ सापडली!

मास्तरांनी डावा डोळा मिटला. फोटो जवळ धरला, लांब धरला. "पांढरा आणि सोनेरी. यात भांडायचं काय?"

"मला निळा दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मलाही," दादा म्हणाले.

"खरा झगा निळा-काळाच होता, मास्तर," रंगारी चाचरत म्हणाला. "पण अर्ध्या जगाला तुमच्यासारखाच दिसतो म्हणतात."

"झगा कुठलाही असो, फोटो पांढरा आहे. तुमच्या सगळ्यांचे डोळे..."

इथे वहिनींचा तोल सुटला. इतक्या दिवसांचे परत आलेले डबे, गोगलगायी, सम्राट, झेब्रे, सगळं एकदम त्यांच्या डोक्यात गेलं. काउंटरचं फळकूट उचलून त्या तरातरा आत गेल्या आणि चारचौघांसमोर त्यांनी आपला तळवा नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरला.

"आता बघा! उघडा तो डावा! देवाने काय नुसता रस्ता ओलांडायला दिलाय?"

"अगं, हे काय..."

"बघा म्हणते ना!"

मास्तरांनी बघितलं. त्यांनी वहिनींचा हात बाजूला केला, डावा डोळा मिटून बघितलं. मग उजवा मिटून बघितलं. मग मोबाइल खाली ठेवून त्यांनी तो परत आलेला डबा उघडला आणि तोही तसाच पाहिला, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. मास्तर हळूच प्रायमरच्या ड्रमवर बसले.

"निळा आहे गं," ते म्हणाले.

फोटोबद्दल की डब्याबद्दल, हे कुणी विचारलं नाही. दोन्ही निळेच होते.

वहिनींना वाटलं होतं, ज्या दिवशी हा माणूस मान्य करेल त्या दिवशी आपण जिंकू. आता त्या जिंकल्या होत्या आणि त्यांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. घरी करायचं होतं हे. दार लावून करायचं होतं. गिऱ्हाइकासमोर, थोरल्या भावासमोर, त्या रंगाऱ्यासमोर त्यांनी नवऱ्याला उघडं पाडलं होतं.

दादा खाकरले. "मी काय म्हणतो, आता मशीनचं एकदा..."

"दादा, आता डॉक्टरांचं!" वहिनी कडाडल्या. आजवर दादांसमोर त्यांचा आवाज एवढा कधी चढला नव्हता. "मोतीबिंदू आहे तो, मरण नाही. काढता येतो. आणि तोवर डावा आहे. तो काय भाड्याने आणलाय?" मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "बाई, तुमच्या भिंतीचा पोपडा पाठवून द्याल? डबा संध्याकाळपर्यंत तयार होईल."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावरचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि वहिनींना ते रागापेक्षाही वाईट वाटलं.

पोपडा आला. मास्तरांनी निमूटपणे तो बाकावर ठेवला. पांढऱ्यात ते स्टेनरचे थेंब टाकू लागले, पिवळा, जरासा तांबडा, काळ्याची नुसती काडी. दर वेळी पुठ्ठ्यावर बोट ओढून ते रंग वाळू देत आणि पोपडा त्याच्याशेजारी धरत. उजवा डोळा मिटायची सवय नव्हती, म्हणून तो पुन्हापुन्हा उघडे आणि ते पुन्हापुन्हा हाताने झाकत. दुकानात लोक येऊन गेले. एकाने हिरवा मागितला. वहिनींनी कान टवकारले. मास्तरांनी नुसता डबा पुढे सरकवला.

शेवटी ते पुठ्ठा घेऊन काउंटरपाशी आले. इतक्या वर्षांत रंग दाखवायला ते कधी उठून आले नव्हते.

"बरोबर आहे का गं?"

वहिनींनी पुठ्ठा उजेडात नेला. खोटं बोलायचा मोह झाला, फार झाला. पण तो डबा परत आला असता.

"नाही. अजून कणभर निळसर वाटतोय."

त्या थांबल्या. आता बल्ब निघेल. आता ताई निघेल, पोपटी निघेल. निदान उस्ताद तरी.

"हो का? बरं," मास्तर म्हणाले आणि पिवळ्याचा थेंब टाकायला आत गेले.

वहिनी पुठ्ठा हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. भांड की रे बाबा, त्या मनातल्या मनात म्हणाल्या. एकदा तरी भांड माझ्याशी.